मुलांस कर्त्या माणसांची ओळख

शास्त्रपाठ : निर्गम ३५:३०–३५, प्रेषितांची कृत्ये १८:१–३ व २४–२६.

निवासमंडपाचे काम ज्याच्या हाती सोपविले तो बसालेल सोने, रुपे, पितळ, पाषाण व लाकूड ह्यांच्या कामात निष्णात होता, हे आपल्या मंडळ्यांतील बहुतेकांस ठाऊक आहे. परंतु ३४ व्या वचनाकडे आपले लक्ष सहसा जात नाही. देवाने त्याच्या व अहलियाबाच्या मनात दुसऱ्यांस शिकविण्याचीही बुद्धी घातली, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे हात कुशल असणे हे एक दान आणि ते कौशल्य पोराबाळांच्या हाती देण्याची इच्छा असणे हे दुसरे दान. पहिले पुष्कळांस असते. दुसरे मात्र कोणी मागितल्यावाचून बहुधा बाहेर येत नाही.

प्रेषितांच्या कृत्यांतील पाठही ह्याच जातीचा आहे. अक्विल्ला व प्रिस्किल्ला हे तंबू करणारे जोडपे. पौल त्यांच्या घरी राहिला व त्यांच्याबरोबर कामास बसला. पुढे अपुल्लोस नावाचा विद्वान मनुष्य त्यांना भेटला. त्याच्या ज्ञानात उणीव आहे हे त्यांनी ओळखले. पण सभेत त्याची फजिती न करता त्यांनी त्याला आपल्याजवळ घेऊन नीट समजावून सांगितले. उपदेशक बंधूंनी हा भाग वाचताना ह्या रीतीकडे विशेष लक्ष द्यावे, कारण पुढील सर्व विचार तिच्यावरच उभा आहे.

आता आपल्या गावांकडे पाहू. माधवनगर, बुधगाव व आसपासच्या वाड्यांतील मूल डोळ्यांसमोर काय पाहते? ऊस, हळद, बाजार, दुकान आणि बापाच्या डोक्यावरचे कर्ज. डॉक्टर त्याला दिसतो तो आजारपणी, भीतीच्या वेळी. वकील दिसतो तो तंट्याच्या वेळी. इंजिनियर तर दिसतच नाही. सातवी-आठवीत हुशार असलेली मुलगी पुढे काय होणार असे विचारले तर खाली पाहते. तिला बुद्धी नाही असे नव्हे. आपल्यासारख्या घरातून निघून तेथवर पोहोचलेले एकही माणूस तिने जवळून पाहिलेले नसते, आणि जे पाहिले नाही त्याची इच्छा तरी कशी धरावी? मग घरात लग्नाची बोलणी सुरू होतात व शाळेचे दप्तर खुंटीस लागते. असे होऊ द्यावे काय, हा प्रश्न मंडळीचा आहे; केवळ आईबापांचा नव्हे.

ह्या बाबतीत कोल्हापुराहून गेलेल्या एका पत्राची हकीकत सांगण्याजोगी आहे. १८७८ च्या सुमारास पोस्ट खात्यातील गोपाळराव जोशी ह्यांनी आपली पत्नी आनंदीबाई हिच्या शिक्षणासाठी साह्य मागणारे पत्र रेव्हरंड वाइल्डर ह्यांस पाठविले. वाइल्डर हे कोल्हापूर मिशनचे संस्थापक. त्या वेळी ते अमेरिकेत असून एक मिशनरी नियतकालिक चालवीत होते. त्यांनी ते पत्र छापले, आणि उत्तरात ख्रिस्ती होण्याचा आग्रह धरला. गोपाळरावांस तो मान्य नव्हता. गोष्ट तेथेच संपावयाची. पण न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंच्या दृष्टीस तो अंक पडला. त्यांनी कसलीही अट न घालता १८८० मध्ये त्या अनोळखी मुलीस पत्र लिहिले. पुढे तीन वर्षे पत्रे येत-जात राहिली. आनंदीबाई त्यांस मावशी म्हणू लागल्या. १८८३ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या तेव्हा ह्याच मावशीचे घर त्यांस उघडे होते. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून मार्च १८८६ मध्ये त्यांस पदवी मिळाली आणि तो समारंभ पाहावयास पंडिता रमाबाई इंग्लंडहून समुद्र ओलांडून गेल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळातील स्त्रियांच्या विभागावर आनंदीबाईंची नेमणूक झाली होती. परंतु क्षयाने त्यांस गाठले व २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले. त्यांची रक्षा कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, अमेरिकेत, ठेविली आहे.

ह्यात मिशनच्या माणसाने दोन गोष्टी केल्या. पत्र छापले हे चांगले केले. मदतीस अट जोडली हे, आमच्या मते, चांगले केले नाही. कार्पेंटरबाई धर्मवेड्या नव्हत्या व धर्महीनही नव्हत्या. त्यांनी केवळ शेजारधर्म पाळला. म्हणून आपण मुलांची भेट कोणा कर्त्या माणसाशी घालून देऊ तेव्हा शब्बाथशाळेच्या पटावरील मुलांपुरतीच ती ठेवू नये. शेजारच्या वस्तीतील मूलही बरोबर यावे.

जोतीराव फुले ह्यांनी अहमदनगर (सांप्रतचे अहिल्यानगर) येथील मिस फरारबाईंची मुलींची शाळा पाहिली, आणि १८४८ मध्ये पुण्यास स्वतः शाळा घातली. सातारा जिल्ह्यातील नायगावच्या सावित्रीबाईंनीही फरारबाईंपाशी शिक्षिकेचे शिक्षण घेतले. शाळा कशी चालते हे ज्याने पाहिले त्यालाच ती चालविता येईल असे वाटू लागते.

आपल्या अगदी जवळचा दाखला मिरजेचा. डॉक्टर वानलेस १८८९ मध्ये हिंदुस्थानात आले, १८९४ मध्ये त्यांचे इस्पितळ उभे राहिले, आणि १८९७ मध्ये त्यांनी वैद्यकीय शाळा काढली. शस्त्रक्रियेत त्यांची कीर्ती एवढी की ते स्वतःच रात्रंदिवस चाकू चालवीत बसले असते तरी कोणी नाव ठेविले नसते. परंतु त्यांनी खेड्यापाड्यांतील ख्रिस्ती तरुणांस जवळ घेतले, रोग्याच्या खाटेशी उभे केले आणि तयार करून ठिकठिकाणच्या दवाखान्यांत जाऊ दिले. १९२८ मध्ये त्यांस ‘सर’ ही पदवी मिळाली व १९३३ मध्ये ते वारले. १९६२ मध्ये मिरजेस सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले, तेव्हा त्याच्या विद्यार्थ्यांस शिकण्यासाठी हेच इस्पितळ उपयोगी पडले.

आता आपण काय करावे? पाहुणा बोलाविणे, हार घालणे, ‘मुलांनो, खूप अभ्यास करा’ हे ऐकणे व चहा पिऊन त्यास निरोप देणे, हा प्रकार आम्हांस निरुपयोगी वाटतो. मुलांस हार आठवतो, माणूस आठवत नाही. त्यापेक्षा चार-पाच मुले घेऊन त्या माणसाच्या कामाच्या जागी जावे. माधवनगराहून मिरज काही कोसांवर आहे. विलिंग्डन महाविद्यालय त्याच वाटेवर आहे. रेल्वेने किर्लोस्करवाडीही दूर नाही. परिचारिका औषधाचे माप कसे घेते, लेथवरचा कारागीर सुताएवढा फरक कसा ओळखतो, हळदीचा जाणता व्यापारी मालाची पारख कशी करतो, हे मुलांनी उभे राहून पाहावे. मोठ्या हुद्द्याचाच मनुष्य पाहिजे असे नाही. आपल्याच मंडळीतून गेलेली व आज कोठे नर्स किंवा शिक्षिका असलेली मुलगी सर्वांत उत्तम, कारण तिचे घर मुलांनी पाहिलेले असते. तिला तिच्या यशाविषयी थोडे व तिच्या अडचणींविषयी अधिक विचारावे : फी कोणी भरली, वसतिगृहात पहिल्या रात्री काय वाटले, नापास झाल्यावर घरी काय सांगितले.

जाण्यापूर्वी प्रत्येक मुलाने एक प्रश्न स्वतः लिहून न्यावा. मास्तरांनी तो लिहून देऊ नये. मुलींस नेताना मंडळीतील एखादी वडीलधारी बाई सोबत असावी आणि आईबापांची संमती अगोदर घ्यावी. शक्य तर बापालाच बरोबर न्यावे, कारण लग्नाचे बोलणे तोच करणार असतो. परत आल्यावर आठ दिवसांच्या आत प्रत्येक मुलाने त्या माणसास स्वहस्ते आभाराचे पत्र लिहावे व त्यात आणखी एक प्रश्न विचारावा. पंधरवड्यात उत्तर आले नाही तर उपदेशकाने स्वतः जाऊन चौकशी करावी. आणि उत्तर आले तर ते घरी, आईच्या देखत, मुलाकडूनच मोठ्याने वाचवून घ्यावे.