मोटार बदलण्याआधी पाणी बघा

लातूरहून नांदेडला जाताना चाकूर, शिरूर ताजबंद, अहमदपूर, माळेगाव, लोहा अशी गावं लागतात. रस्ता रुंद झाला, धूळ मात्र हटली नाही. उन्हाळ्यात रानातली काळी माती उडते, गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टरमागून पाचटाचं भुसकट येतं, मार्गशीर्षात माळेगावच्या यात्रेच्या दिवसांत तर काच पुसावी तितकी थोडीच. त्यात नांदेडहून संध्याकाळी परत निघालं की गाडीचं तोंड नैर्ऋत्येला असतं आणि हिवाळ्यातला मावळता सूर्य नेमका तिथंच. मळकट काचेवर ते ऊन पडलं की समोरचा ट्रक दिसत नाही, नुसतं पांढरं दिसतं. अशा वेळी वॉशरचं बटण दाबावं आणि पाणी काचेपर्यंत न पोचता बॉनेटवरच ओघळावं, हा जुन्या गाडीवाल्यांचा नेहमीचा अनुभव. माझ्या जुन्या छोट्या गाडीनं आणि या रस्त्यानं मला जे शिकवलं ते लिहितो.

१. पहिला संशय पाण्यावर घ्यावा. आपल्याकडे बाटलीत बहुतेक बोअरचंच पाणी जातं. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशा गावात काच धुवायला नळाचं पाणी कोण वापरणार? पण खडकातून खोलवरून उपसलेल्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. हे पाणी तापलेल्या बॉनेटवरच्या नोजलच्या तोंडाशी वाळतं आणि मागं खडा उरतो. गिझरच्या कॉइलवर बसतो तोच हा थर. सुईच्या अग्राएवढ्या छिद्राला तो बुजायला किती वेळ लागणार? मराठवाड्यात वॉशर मंदावण्याचं मोठं कारण मी हेच मानतो, आणि तरीही गॅरेजमध्ये पहिला घाव मोटारीवर पडतो.

२. दोष कुठं आहे ते नळी सोडवून ठरवावं. यात मोजमाप लागत नाही, बटण दाबायला एक माणूस पुरतो. बॉनेट उघडून नोजलखालची नळी काढा आणि तिचं तोंड रिकाम्या बाटलीत धरा. बटण दाबल्यावर पाणी जोरात आलं, तर दोष नोजलचा. धार तिथंही मंद असेल, तर मोटारीच्या तोंडाशीच नळी सोडवून बघा. मोटारीपाशी जोर आहे आणि नोजलपाशी नाही, म्हणजे मधली नळी, तिचा टी-जोड किंवा एकमार्गी व्हॉल्व्ह यांत काहीतरी आहे. मोटारीपाशीच जोर नसेल, तर बाटलीतला गाळ, मोटारीची जाळी, मोटार किंवा वीज. एवढं पाहिल्याशिवाय कोणताही पार्ट विकत घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

३. नोजलमध्ये बाहेरून टाचणी खुपसली की खडा आत ढकलला जातो आणि दोन दिवसांनी परत तोंडाशी येतो. जाड टाचणीनं छिद्र मोठं झालं, तर फवाऱ्याची दिशाच बिघडते. नळी काढून नोजल सुटं करावं, व्हिनेगरमध्ये किंवा सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात काही तास भिजत ठेवावं. मग औषधाच्या दुकानात मिळणारी मोठी सिरिंज पाण्यानं भरून बाहेरच्या तोंडातून आत दाबावं, म्हणजे कचरा आला त्या वाटेनं निघतो. संडास साफ करायचं ॲसिड मात्र चुकूनही वापरू नका. ते रंग खातं, धातूलाही सोडत नाही.

४. नळी हातानं चाचपत जावी. इंजिनाच्या उष्णतेनं जुनं रबर कडक होतं आणि जोडापाशी तडकतं. बॉनेटच्या बिजागरीजवळ नळी मुडपलेली असते. गाडी उभी राहिली की उंदीरही कुरतडतात. फिश टँकची नळी तात्पुरती चालते, सलाईनची नळी इंजिनाच्या उष्णतेत मऊ पडून दबते. बटण दाबल्यावर पाणी उशिरा येत असेल, तर एकमार्गी व्हॉल्व्ह गेला असं समजा. पाणी दर वेळी बाटलीत परत उतरतं. नवा बसवताना त्यावरचा बाण नोजलच्या दिशेनं ठेवा.

५. बाटलीचं झाकण सैल करून एकदा बटण दाबून बघा. झाकणाचं हवेचं बारीक छिद्र मातीनं बुजलेलं असेल, तर आत हवा शिरत नाही आणि धार मरते. इतकं साधं कारण फार थोडे लोक तपासतात. बाटलीच्या तळाशी गाळ आणि शेवाळ असतं, ते मोटारीच्या जाळीवर बसतं. बाटली वर्षातून दोनदा तरी काढून धुवावी.

६. मोटारीचा आवाज ऐकावा. आवाजच नसेल, तर आधी फ्यूज. आवाज दमलेला असेल, तर मोटारीला बॅटरीवरून दोन वायरींनी सरळ वीज द्या. तेव्हा जोर आला, तर मोटार चांगली आहे आणि गंज अर्थिंगला किंवा प्लगला धरलाय. सँडपेपरनं घासलं की भागतं. नवी मोटार बसवूनही धार मंद असेल, तर वायरी उलट्या लागल्यात का ते पाहा. पंखा उलटा फिरला तरी थोडं पाणी येतं, म्हणून ही चूक लक्षात येत नाही. मागच्या काचेलाही त्याच मोटारीनं पाणी जात असेल, तर उलट्या वायरींनी पुढचं पाणी मागं जातं. आणि कोरड्या बाटलीवर बटण दाबून धरू नका. ही मोटार पाण्यानंच थंड राहते.

७. आता पाणी कोणतं भरावं? बॅटरीचं पाणी उत्तम. घरातल्या एसीतून ठिबकणारं पाणी गाळून घेतलं तर तेही चांगलं, कारण ते हवेतल्या बाष्पाचं असतं, त्यात क्षार नसतात. जुलैत गच्चीवर भांडं ठेवून धरलेलं पावसाचं पाणीही चालतं. आरओतून बाहेर पडणारं टाकाऊ पाणी मात्र नको. पाणी वाचवण्याचा हेतू चांगला, पण त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त असतात. ते लादी पुसायला वापरा. कपड्यांची पावडर टाकू नये, तिचाही थर बसतो. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी काचेवर किडे चिकटतात, तेवढ्यापुरते शाम्पूचे दोन-चार थेंब पुरे. थंड मुलखात पाणी गोठू नये म्हणून औषध घालतात, आपल्याला त्याची गरज नाही.

८. वॉशर बंद असताना कोरड्या काचेवर वायपर फिरवू नका. मुरमाचे कण काचेवर चरे पाडतात, आणि रात्री समोरच्या गाडीचा प्रकाश त्या चऱ्यांत फुटतो. ते चरे नंतर कोणत्याही पाण्यानं जात नाहीत.

नांदेड-लातूरच्या मिस्त्रीबंधूंना एक विनंती आहे. गाडी सर्व्हिसिंगला आली की ऑइल बघता, तसं वॉशरच्या बाटलीत कोणतं पाणी आहे हेही गिऱ्हाइकाला विचारा, आणि नोजल साफ केल्याशिवाय मोटार बदलू नका.