ड्रिल नको, पण एक्स-रे हवाच

माझ्या मुलाच्या दुधाच्या दोन दाढा किडल्या होत्या. मशीनचा आवाज ऐकला की तो तोंडच उघडायचा नाही, म्हणून एका दवाखान्यात आम्ही ‘ड्रिलशिवाय उपचार’ घेतले. दोन्ही दाढांना एकच औषध लावलं. एक टिकली, दुसरीच्या हिरडीवर पुवाची पुळी आली आणि ती दाढच काढावी लागली. ती दाढ रात्री ठणकते, हे आम्ही सांगितलं होतं. तरी एक्स-रे काढला गेला नाही. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी काढलेल्या एक्स-रेत कीड नसेपर्यंत पोचलेली दिसली. तिथवर गेलेल्या किडीवर या औषधाचा उपयोग नाही.

औषध मात्र खोटं नाही. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड 2021 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे. त्यातली चांदी जंतू मारते, फ्लोराइड मऊ पडलेला भाग टणक करतं. ओठांना व्हॅसलिन चोपडून, दात कोरडा करून, बारीक ब्रशने थेंबभर औषध मिनिटभर लावतात. साधारण सहा महिन्यांनी पुन्हा लावावं लागतं. किडलेला भाग कायमचा काळा पडतो. आमच्या सासूबाई टॉर्च लावून म्हणाल्या, “अगं, कीड तर वाढलीय!” काळा आणि टणक म्हणजे कीड थांबली, हे त्यांना समजवावं लागलं. पुढच्या दातांना लावण्याआधी या रंगाचा विचार करा.

दुधाच्या दाढेवर न कोरता स्टीलची टोपी बसवून कीड आत कोंडण्याचीही पद्धत आहे. खड्डा पडण्याआधी, नुसता पांढरट चट्टा असेल, तर फ्लोराइड वार्निश आणि नीट ब्रशिंगने तो भरून येऊ शकतो.

दवाखान्यात तीन गोष्टी विचाराच: कीड किती खोल आहे, एक्स-रे काढणार का, पुन्हा कधी दाखवायचं? रात्रीचा ठणका, सूज, पू किंवा ताप असेल तर ड्रिल टाळायच्या नादात दिवस घालवू नका. लवंगेच्या तेलाने ठणका उतरतो, कीड थांबत नाही.

घरी 1000 पीपीएम किंवा जास्त फ्लोराइडची पेस्ट वापरा: तीन वर्षांखालच्या मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. झोपताना दुधाची बाटली तोंडात नको. आणि “दुधाचे दात काय, पडणारच” असं कुणी म्हणालं तर सांगा, मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात.