जुनी मोटारसायकल व मद्यार्काचें इंधन

गेल्या हिवाळ्यांत आमच्या एका विद्यार्थ्यानें वर्गांत विचारलें, "सर, आमच्या वडिलांची जुनी मोटारसायकल सकाळीं लौकर चालू होत नाहीं. पेट्रोलांत इथेनॉल मिसळतात म्हणून असें होतें काय? आणि तीच गाडी निव्वळ इथेनॉलवर चालेल अशी कां करूं नये?" त्याचे वडील त्याच गाडीवर रोज पहांटे बुलढाण्यास दूध आणतात. गाडी अडली कीं त्या घरचा दिवस अडतो. म्हणून हे प्रश्न आम्ही येथें विचारास घेतों.

इथेनॉल म्हणजे मद्यार्क. उसाची मळी, तांदूळ, मका इत्यादि पदार्थ आंबवून व ऊर्ध्वपातन करून तो काढितात. आपल्या जिल्ह्यांत मका पिकतोच. एक क्विंटल मक्यापासून सुमारें 38 लिटर मद्यार्क निघतो. मलकापुरावरून मुंबईकडे जातांना लागणारें मनमाड व दक्षिणेकडील मिरज येथें 2001 सालीं मिश्रित पेट्रोलाचा प्रयोग झाला. पुढें 2003 पासून शेकडा 5, 2022 मध्यें शेकडा 10, आणि 2025 मध्यें शेकडा 20 एवढें मिश्रणाचें प्रमाण झालें. पुणें येथें 5 जून 2021 रोजीं निव्वळ मद्यार्काचे तीन पंपही प्रयोगादाखल सुरू झाले.

आतां इंजिनाच्या पोटांत काय घडतें तें पाहूं. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारें 14.7 किलो हवा लागते. मद्यार्काच्या अंगींच प्राणवायु असल्यामुळें त्यास केवळ 9 किलो हवा पुरते. शेकडा 20 मिश्रणास सुमारें 13.5 किलो लागते. नव्या गाडींतील यंत्रणा हा फरक ओळखून इंधन वाढविते. जुन्या कार्बोरेटरास ही दृष्टि नाहीं. त्याच्या जेटचें छिद्र पेट्रोलासाठीं मोजून पाडिलेलें असतें. सबब मिश्रण विरळ होतें, म्हणजे हवा अधिक व इंधन कमी पडतें. अशी गाडी राजूर घाट चढतांना तापते आणि थंडींत कुरकुरते.

निव्वळ मद्यार्कासाठीं गणित असें: 14.7 भागिले 9 म्हणजे सुमारें 1.63, तेव्हां तितक्याच हवेस इंधन 1.63 पट हवें. छिद्राचें क्षेत्रफळ तितकें वाढविलें पाहिजे. परंतु क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें, म्हणून व्यास 1.63 च्या वर्गमुळाइतका, म्हणजे सुमारें 1.28 पट करावा लागतो. एक मिलिमीटरचें जेट 1.28 मिलिमीटरचें झालें. वर्गमूळ कशास शिकावयाचें, असें विचारणाऱ्यांनीं हें ध्यानीं धरावें.

पण जेट बदललें म्हणजे काम संपलें नाहीं. एक लिटर मद्यार्कांत पेट्रोलाच्या सुमारें दोनतृतीयांशच उष्णता असते. पेट्रोलावर लिटरमागें 50 किलोमीटर जाणारी गाडी त्यावर सुमारें 33 किलोमीटर जाईल. शेकडा 20 मिश्रणावर हिशेबानें 46 ते 47. शिवाय सुमारें 13 अंशांखालीं निव्वळ मद्यार्काची पेट घेण्याजोगी वाफ होत नाहीं, आणि आपल्या डोंगरमाथ्यावर पौषांतील पहांट कशी असते हें सर्वांस ठाऊक आहे. मद्यार्क जुन्या रबरी नळ्या व वायसर फुगवितो किंवा कडक करितो, टाकींतील जुना मळ सोडवून गाळणींत नेतो, आणि हवेंतील ओल शोषतो. पाणी फार झालें, तर मिश्रण फुटून पाणी व मद्यार्क तळाशीं बसतात.

त्याचा गुणही सांगितला पाहिजे. इंजिनांत ठोका न पडतां तो अधिक दाब सोसतो. ब्राझील देशानें 1975 सालीं मद्यार्काची राष्ट्रीय योजना आरंभिली व 1979 सालीं केवळ मद्यार्कावर चालणारी फियाट 147 मोटार विक्रीस आणिली. परंतु अशा मोटारींचा दाब व सुटे भाग त्याच इंधनाजोगे केलेले असत, आणि थंडींत चालू करण्यापुरती पेट्रोलाची लहान टाकी निराळी असे. याशिवाय आपल्याकडे मोटार वाहन कायदा, 1988, कलम 52 अन्वयें नोंदणींतील तपशील बदलेल असा फेरफार परवानगीवांचून करितां येत नाहीं. म्हणून घरच्या घरीं गाडी मद्यार्कावर नेण्याचा प्रयोग कोणीं करूं नये.

मग त्या विद्यार्थ्याच्या वडिलांनीं काय करावें? आम्हीं त्यास प्लग काढवून आणावयास सांगितलें. प्लगचें टोंक बदामी असल्यास मिश्रण ठीक, काळें असल्यास इंधन अधिक, पांढुरकें असल्यास कमी. तें पांढुरकें निघालें. मिस्त्रीनें कार्बोरेटर साफ करून जुळविला, कडक झालेली नळी बदलली, गाळणी नवी घातली. गाडी पुन्हां पहिल्यासारखी चालूं लागली. दोष एकट्या इंधनाचा नव्हता: शेकडा 20 मिश्रणांत पेट्रोलाची वाफ असतेच. वर्षानुवर्षें न झालेली निगा नव्या इंधनानें उघडी पाडिली.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, जुनी गाडी असल्यास रबरी भाग मद्यार्क सोसणारे घालावे, पावसाळ्यांत टाकीचें झांकण घट्ट ठेवावें व जुनें इंधन महिनोन्‌महिने सांठवूं नये. आणि विद्यार्थ्यांनों, कोणतीही वस्तु बदलावयास निघण्यापूर्वीं ती कशासाठीं व कोणत्या मापानें घडविली आहे, हें आधीं समजून घ्या. त्या मुलानें प्रश्न विचारला म्हणूनच घरचें दूध वेळेवर पोंचूं लागलें.