श्वानाच्या डोळ्यातील रक्तस्राव : कारणे व दक्षता

यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रस तालुका कापूस, सोयाबीन व तूर पिकविणारा. येथे पिकाची राखण करणारा आणि रात्री गोठ्यापाशी जागणारा कुत्रा हा शेतकऱ्याचा बिनपगारी चौकीदारच होय. त्याच्या डोळ्याच्या पांढऱ्या भागावर लालभडक डाग दिसला, तर "काडी लागली असेल" म्हणून दुर्लक्ष केले जाते. ते नेहमीच योग्य नसते.

डोळ्याच्या पांढऱ्या भागावर पातळ, पारदर्शक आवरण असते. त्याखालील सूक्ष्म रक्तवाहिनी फुटली की रक्त तेथे पसरते. डोळे आले असता शिरा फुगून लाल दिसतात. रक्तस्रावात सलग डाग दिसतो. हा डाग सहसा दुखत नाही व काही आठवड्यांत विरतो. महत्त्वाचे असते ते त्यामागील कारण.

पहिले कारण आघात : वाहनाची धडक, कुत्र्यांची झुंज, काठीचा मार किंवा गळ्यातील दोरीचा फास. दुसरे कारण गोचीड. तपकिरी गोचिडाच्या चाव्यातून एर्लिकिया नावाचे जंतू शरीरात शिरतात. १९३५ साली अल्जीरियात प्रथम वर्णिलेल्या या रोगात रक्त गोठण्यास आवश्यक अशा प्लेटलेट पेशी घटतात. तिसरे कारण उंदरांचे विष. रक्त गोठू न देणारे असे विष पोटात गेल्यास लक्षणे लगेच न दिसता काही दिवसांनी दिसतात. चौथे कारण घोणस अथवा फुरसे यांचा दंश.

म्हणून डाग दिसताच हिरड्या व पोटाची त्वचा तपासावी. तेथे लाल ठिपके, नाकातून रक्त, काळी विष्ठा, ताप किंवा सुस्ती आढळल्यास अथवा बुबुळामागे रक्त साचल्यास त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. रक्ततपासणीने निदान होते. गोचीडजन्य रोगावर डॉक्सिसायक्लिन, उंदरांच्या अशा विषावर 'के' जीवनसत्त्व व सर्पदंशावर प्रतिविष हे उपचार पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली केले जातात. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या वा डोळ्यांचे थेंब परस्पर देऊ नयेत. त्यांनी अपाय होऊ शकतो.

गोठ्याच्या भेगा स्वच्छ ठेवणे, गोचीडनाशकाचा नियमित वापर करणे, उंदरांचे विष बंदिस्त जागी ठेवणे व मेलेले उंदीर पुरणे हे उपाय अल्पखर्चाचे आहेत. ग्रामपंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी ही माहिती घरोघरी पोहोचविल्यास अनेक मुके जीव वाचतील.