कारखान्याचे वचन आणि त्याचे माप

जर्मनीत फ्रांकफुर्टच्या दक्षिणेस डार्मश्टाट नावाचे शहर आहे. तेथील ‘देवदूत औषधालय’ हे दुकान इ. स. १६६८ मध्ये फ्रीडरिश याकोब मर्क या गृहस्थाने घेतले. आपल्याकडे शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकास तेव्हा सहा वर्षे अवकाश होता. पुढे १८२७ मध्ये याच घराण्यातील इमान्युएल मर्क याने वनस्पतींपासून मिळणारी मॉर्फीनसारखी द्रव्ये शुद्ध स्वरूपात मोठ्या प्रमाणावर तयार करण्यास आरंभ केला आणि औषधाच्या दुकानाचा कारखाना झाला. ही कंपनी आजही मुख्यतः त्याच घराण्याच्या मालकीची असून औषधे, प्रयोगशाळांना लागणारी रसायने आणि विद्युत्कणयंत्रांसाठी लागणारी द्रव्ये ती जगभर पुरविते. (याच नावाची एक अमेरिकन कंपनीही आहे, पण ती पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ मध्ये, मूळ घरापासून वेगळी झाली. दोहोंची गल्लत करू नये.)

या कंपनीने २०२० साली काही वचने प्रसिद्ध केली. २०३० पर्यंत विज्ञानाच्या साहाय्याने एक अब्जाहून अधिक माणसांचे जीवन पुढे न्यावयाचे. त्याच मुदतीत आपल्या सर्व व्यवहारांत शाश्वततेचा विचार अंतर्भूत करावयाचा. आणि २०४० पर्यंत हवामानावरील आपला भार शून्यावर आणून नैसर्गिक साधनांचा वापर कमी करावयाचा. ‘शाश्वत विकास’ हा शब्दप्रयोग १९८७ च्या ब्रुंटलंड आयोगाच्या अहवालामुळे सर्वतोमुखी झाला. आजच्या गरजा भागविताना पुढील पिढ्यांच्या गरजांना बाध येऊ न देणे, हा त्याचा अर्थ. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ मध्ये या दिशेने १७ उद्दिष्टे मान्य केली. त्यांपैकी बारावे उद्दिष्ट जबाबदारीने उत्पादन व उपभोग करण्याविषयीचे आहे, आणि मोठ्या कंपन्यांनी आपल्या कारभाराचा असा वृत्तांत जाहीर करावा, ही अपेक्षा त्यातच नमूद आहे.

वचन कानाला गोड लागते. परंतु विज्ञानाच्या विद्यार्थ्याने ते ऐकताच विचारावयाचे ते असे की, हे मोजणार कशाने? ‘एक अब्ज माणसांचे जीवन पुढे नेणे’ हे वाक्य घ्या. आफ्रिकेत गोड्या पाण्यातील गोगलगाईंच्या मार्फत पसरणारा शिस्टोसोमायासिस नावाचा कृमिरोग आहे. त्याने मुलांचे रक्त व बळ दोन्ही शोषले जाते. त्यावरील प्राझिक्वांटेल या औषधाच्या गोळ्या ही कंपनी २००७ पासून जागतिक आरोग्य संघटनेमार्फत विनामूल्य देत आली आहे आणि दिलेल्या गोळ्यांची संख्या एक अब्जावर गेली आहे. ही गोष्ट निःसंशय स्तुत्य आहे. तथापि हे औषध शरीरातील कृमी मारते. त्याच पाण्यात पुन्हा उतरणाऱ्या मुलास पुन्हा रोग होणे ते टाळू शकत नाही. गोळ्या मोजणे सोपे आहे. बरी झालेली आणि बरी राहिलेली मुले मोजणे अवघड आहे. मोजण्यास सोपे तेच मोजण्याकडे सर्वांचाच कल असतो. शाळाही परीक्षेचे गुणच मोजतात.

आता धुराकडे वळू. कोळसा, तेल वा वायू जाळला की कार्बन डायॉक्साइड हवेत जातो आणि पृथ्वीची उष्णता अडकून राहते, हे आपण भूगोलात शिकतो. हा भार कोणाच्या खात्यावर मांडावा, यासाठी २००१ मध्ये एक हिशेबपद्धती ठरविण्यात आली. तिच्यात तीन कक्षा आहेत. कारखान्याच्या स्वतःच्या धुराड्यातून व वाहनांतून निघते ते पहिल्या कक्षेत. विकत घेतलेल्या विजेसाठी दूरच्या वीजकेंद्रात जळते ते दुसऱ्या कक्षेत. आणि कच्चा माल तयार करणारे, तो वाहून नेणारे व तयार माल वापरणारे या सर्वांचा धूर तिसऱ्या कक्षेत. औषधांच्या व रसायनांच्या धंद्यात ही तिसरी कक्षाच बहुधा सर्वांत जड असते. कारण औषधाची शेवटची पायरी एका देशात होत असली, तरी तिच्या आधीच्या पायऱ्या अनेकदा दुसऱ्याच देशांत होतात.

मर्कने २०३० पर्यंतचे जे लक्ष्य ठेविले, त्यात पहिल्या दोन कक्षांचा एकंदर भार २०२० च्या मानाने निम्म्यावर आणण्याचे ठरले. विकत घेतलेल्या विजेपैकी ८० टक्के वीज सूर्य, वारा, पाणी अशा अक्षय स्रोतांतून घेणे हा त्यातला एक उपाय. तिसऱ्या कक्षेत ५२ टक्के घट करण्याचे ठरले. पण ती घट कंपनीने निर्माण केलेल्या मूल्याच्या दर युरोमागे मोजावयाची. येथे वाचकाने थांबून पाटीवर गणित करावे. समजा, आधारवर्षी मूल्य १०० आहे आणि भारही १०० टन आहे, म्हणजे दर एककामागे १ टन. ५२ टक्के घटीनंतर तो ०·४८ टन झाला. दरम्यान धंदा दुपटीने वाढला, तर एकंदर भार २०० गुणिले ०·४८, म्हणजे ९६ टन राहील. वचन पुरे झाले आणि आकाशातले ओझे मात्र केवळ ४ टनांनी हलके झाले! धंदा मुळीच वाढला नाही, तर तेच ४८ टनांवर येईल. यात लबाडी आहे असे मी म्हणत नाही. दुसऱ्याच्या कारखान्यातला धूर आपल्या हुकमाने बंद करता येत नाही, ही अडचण खरी आहे. परंतु ‘५० टक्के’ व ‘५२ टक्के’ हे दोन आकडे शेजारी छापलेले दिसले, तरी ते एका जातीचे नव्हेत. एकात भाजक नाही, दुसऱ्यात आहे.

मापाची निवड योग्य झाली तर ती माणसाला कशी शोधाची वाट दाखविते, याचे उत्तम उदाहरण आयबुप्रोफेन या अंगदुखीच्या औषधात सापडते. हे औषध इंग्लंडमधील बूट्स कंपनीतील स्ट्युअर्ट अ‍ॅडम्स व जॉन निकल्सन यांनी शोधले. त्याची जुनी कृती सहा पायऱ्यांची होती. त्या कृतीत भाग घेणाऱ्या सर्व द्रव्यांच्या रेणुभारांची बेरीज सुमारे ५१४ होते, आणि हाती येणाऱ्या आयबुप्रोफेनचा रेणुभार आहे २०६. म्हणजे शंभर भाग घातले तर चाळीस भाग औषध झाले आणि साठ भाग टाकाऊ पदार्थांत गेले. कारखान्यात औषध उत्तम उतरत होते, प्रत्येक पायरीचा उतारा चांगला होता; म्हणून जुन्या मापाने पाहणाऱ्यास काही बिघडले आहे असे वाटण्याचे कारणच नव्हते.

१९९१ मध्ये बॅरी ट्रॉस्ट या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने ‘अणूंची काटकसर’ हे माप सुचविले: घातलेल्या अणूंपैकी किती अणू इष्ट पदार्थात आले? पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, टेक्सासमधील बिशप येथे आयबुप्रोफेनची तीन पायऱ्यांची नवी कृती चालू झाली. तिचा हिशेब दहावीच्या विद्यार्थ्यासही करता येईल. आयसोब्यूटिलबेंझीन १३४, अ‍ॅसेटिक अनहायड्राइड १०२, हायड्रोजन २ आणि कार्बन मोनॉक्साइड २८ मिळून २६६. त्यातून आयबुप्रोफेन २०६, म्हणजे ७७ टक्के. उरलेले ६० कोठे गेले? ६० हा अ‍ॅसेटिक आम्लाचा, म्हणजे शिरक्यातील आम्लाचा रेणुभार होय. ते वेगळे काढून विकता येते, म्हणून टाकाऊ असे जवळजवळ काहीच उरत नाही. जुन्या कृतीत अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड वापरून झाल्यावर त्याचा चिखल फेकावा लागे. नव्या कृतीत त्याच्या जागी हायड्रोजन फ्लोराइड आला आणि तो जवळजवळ सर्वच परत मिळवून पुन्हा वापरला जातो. मात्र हे द्रव्य हाड-मांस जाळणारे भयंकर विष आहे, हे विसरून चालणार नाही. अणूंच्या काटकसरीत शंभर गुण मिळविणारी कृती कामगाराच्या सुरक्षिततेच्या विषयात आपोआप उत्तीर्ण होत नसते.

रॉजर शेल्डन यांनी आणखी सोपे माप दिले: एक किलो मालामागे किती किलो टाकाऊ पदार्थ? १९९२ मधील त्यांच्या अंदाजाप्रमाणे तेलशुद्धीत हा आकडा ०·१ च्या आसपास, तर औषधांच्या धंद्यात तो २५ पासून १०० पर्यंत होता. धुरकट तेलकारखाना मळका आणि पांढऱ्या गोळ्यांचा कारखाना स्वच्छ, ही आपली समजूत येथे पार उलटी होते. औषधाचा रेणू अनेक पायऱ्यांनी बनतो, प्रत्येक पायरीस द्रावक लागतो आणि प्रत्येक वेळी तो धुऊन काढावा लागतो. म्हणूनच द्रावक गाळून पुन्हा वापरणे हा औषधकारखान्यातील सर्वांत रोकडा उपाय समजतात.

जे मोजले जात नाही त्याचे काय होते, हे पाहण्यास आपणा हैदराबादकरांना जर्मनीस जावयास नको. पटानचेरू येथे सुमारे ९० औषधकारखान्यांचे सांडपाणी एका सामाईक केंद्रात शुद्ध केले जाई. स्वीडनमधील संशोधकांनी तेथून बाहेर पडणारे पाणी तपासून २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सिप्रोफ्लॉक्सॅसिन या जंतुनाशक औषधाचे प्रमाण लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही ते इतके नसते! अशा पाण्यात जे जंतू तगतात, त्यांच्यावर पुढे तेच औषध चालेनासे होते. सांडपाण्याची नेहमीची तपासणी आम्लता, गढूळपणा, प्राणवायूची गरज यांची होते. औषध किती, हा प्रश्न त्या तक्त्यात नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने अशा कारखान्यांच्या सांडपाण्याविषयी पहिली मार्गदर्शिका काढली ती सप्टेंबर २०२४ मध्ये.

आपल्या देशातही भाग-बाजारात नोंदलेल्या पहिल्या एक हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून असा वृत्तांत देणे सेबीने बंधनकारक केले आहे. त्यात पहिल्या दोन कक्षांचा धूर एकंदर किती आणि उलाढालीच्या दर रुपयामागे किती, हे दोन्ही आकडे द्यावे लागतात. तिसरी कक्षा या नमुन्यात ऐच्छिक ठेविली आहे. हे वृत्तांत कोणासही वाचावयास मिळतात. आपल्यापैकी कोणाचे वडील, काका वा बहीण अशा कंपनीत असतील, तर त्यांच्याकडून गेल्या दोन वर्षांचे वृत्तांत मागून घ्यावेत, तेच दोन आकडे शेजारी मांडावेत आणि ते एकाच दिशेने सरकले आहेत की उलट दिशांनी, हे स्वतः पाहावे.