वेड्या राघूने मला शिकवलेल्या पाच गोष्टी

कालव्याकाठी सकाळी फिरायला जाते, तेव्हा तारेवरचे वेडे राघू रोज भेटतात. बारा वर्षांच्या या भेटींतून पदरात पडलेलं थोडंसं.

१. ऊन पाठीशी घ्यावं. उन्हाकडे तोंड करून पाहिलं की हा पक्षी नुसता काळा दिसतो. बाजू बदलली की हिरवंगार अंग, तांबूस माथा, निळसर गळा, त्याखालची काळी रेघ आणि काळ्या पट्टीतला लाल डोळा, सगळं उजळून निघतं.

२. एकाच खुणेवर विसंबू नये. शेपटीतून बाहेर आलेली दोन इंची तार ही याची ओळख, पण पिल्लांना ती नसते. पहिल्या वर्षी पिल्लांची नोंद मी वहीत वेगळा पक्षी म्हणून केली होती.

३. आपल्या दारातला पक्षी आपल्यापुरता नसतो. पाकिस्तानपासून श्रीलंका, म्यानमार, थेट व्हिएतनामपर्यंत याचा वावर आहे. पूर्वेकडे जावं तसा माथ्याचा तांबूस रंग गडद होत जातो. आफ्रिका आणि अरबस्तानातले याचे भाऊबंद पूर्वी याच जातीत धरत, आता त्या जाती वेगळ्या मानतात.

४. घाईत काही दिसत नाही. एकदा कुंपणाजवळ थांबले होते. राघू तारेवरून झेपावला, मधमाशी पकडून पुन्हा त्याच जागी आला. तिला तारेवर आपटलं, मग तिचं मागचं टोक घासघासून नांगीतलं विष काढलं आणि मगच गिळली.

५. नावावरून शहाणपण ठरवू नये. पुण्यात मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पक्ष्यांवर केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. माणसाला घरटं दिसत असेल तर राघू आत शिरायला कचरतो. माणूस तेवढ्याच अंतरावर असला, पण त्याला घरटं दिसत नसलं, तर तो जास्त सहज आत जातो. समोरच्याला काय दिसतंय, हे ज्याला कळतं, त्याला वेडा कसं म्हणावं?

म्हणून एक विनंती. मार्च ते जून ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत याची बिळं असतात, आत अंडी-पिल्लं असतात. त्या दिवसांत तिथली माती उकरू नका, आणि फोटोसाठी बिळासमोर उभे राहू नका. तुम्ही तिथे आहात तोवर आई-बाप चोचीत किडा धरून बाहेरच ताटकळतात.