खुडूक कोंबडी आणि विजेची पेटी



गेल्या तीन महिन्यांत आपल्या मंडळीतील निदान पाच-सहा जणांनी मला एकच प्रश्न विचारला. "ताई, वाडीवरच्या बायकांना अंडी उबवण्याचं यंत्र घेऊन दिलं तर? आम्ही वर्गणी काढतो." नेरूळच्या महिला मंडळाने तर यंत्राची किंमतही काढून ठेवली होती. रविवारच्या शाळेच्या एका शिक्षिकेला तेच यंत्र वर्गात ठेवून मुलांना पिल्ले बाहेर येताना दाखवायची आहेत. प्रत्येकाला फोनवर थोडे थोडे उत्तर देण्यापेक्षा या अंकात सगळे एकदाच लिहिते. यातला काही भाग शिकवण्यासारखा आहे आणि काही भाग माझ्या चुकीचा आहे.

चूक आधी सांगते. दोन वर्षांपूर्वी जुलै महिन्यात मी एक छोटी उबवणी पेटी विकत घेतली आणि नेरूळच्या घरी पलंगाशेजारी मांडली. पनवेल तालुक्यातील ज्या कातकरी वाडीवर आपले काम चालते, तिथल्या पाच घरांतून छत्तीस गावठी अंडी गोळा केली. यातली बारा एकट्या एका आजीची होती. नवी मुंबईच्या बाजारात गावठी अंड्याला काय भाव मिळतो ते आपल्याला ठाऊक आहे. त्या घरांत ती अंडी म्हणजे त्या आठवड्याचे तेलमीठ होते. मी त्यांना म्हटले, "एकविसाव्या दिवशी पिल्लं आणून देते." त्यांनी विश्वास ठेवला.

आता पेटीचे शास्त्र. कोंबडीच्या अंड्यातून पिल्लू बाहेर यायला एकवीस दिवस लागतात. आत पंखा असलेल्या पेटीत तापमान 37.5 ते 37.8 अंश सेल्सिअस हवे. पंखा नसेल तर अंड्याच्या वरच्या बाजूला मोजून ते 38.5 च्या आसपास ठेवतात. अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नसावीत, फ्रिजमधली नसावीत आणि धुतलेली तर मुळीच नसावीत, कारण कवचावरचा नैसर्गिक थर धुण्याने जातो व जंतूंना आत वाट मिळते. ठेवताना निमुळते टोक खाली, जाड टोक वर. जाड टोकाकडे हवेची पोकळी असते आणि पिल्लू पहिला श्वास तिथेच घेते.

अंडी दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवायची. पेन्सिलीने एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोळा काढला की हिशेब चुकत नाही. आकडा विषम का, तर रात्रीचा लांब वेळ रोज एकाच बाजूवर जाऊ नये म्हणून. फिरवले नाही तर वाढणारा जीव कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटतो. अठराव्या दिवसानंतर मात्र हात लावायचा नाही. तेव्हा पिल्लू बाहेर पडण्यासाठी वळून बसत असते.

सातव्या रात्री दिवे मालवून, पुठ्ठ्याला भोक पाडून, मोबाइलच्या टॉर्चवर अंडे धरून पाहायचे. जीव धरलेल्या अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसतात आणि मध्ये एक काळा ठिपका हलतो. माझ्या मुलाने तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा अर्धा तास त्याने कोणालाच पेटीजवळ येऊ दिले नाही. छत्तीसपैकी पाच अंडी फोल निघाली, पुढच्या आठवड्यात आणखी दोन बाजूला काढली. एकोणतीस राहिली.

बाराव्या रात्री वीज गेली. सुमारे चार तास. आम्ही पेटीवर दोन गोधड्या टाकल्या, झाकण उघडले नाही आणि जमिनीवर बसून प्रार्थना केली. सकाळी टॉर्चवर पाहिले तर अंड्यांत हालचाल होती.

एकविसाव्या दिवशी अकरा पिल्ले बाहेर आली. बाकीच्या अठरा अंड्यांतून काही आले नाही. दोन दिवस थांबून मी ती फोडली. प्रत्येकात पूर्ण वाढलेले, पिसे आलेले, ओले पिल्लू मेलेले होते.

मला वाटले, वीज गेली म्हणून. आपल्या मंडळीत पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांनी मला एकच विचारले, "अंड्यांचं वजन केलं होतंस का?" केले नव्हते. मग त्यांनी समजावले. अठरा दिवसांत अंड्यातील पाणी कवचाच्या छिद्रांतून हळूहळू उडून जायला हवे. 45 ग्रॅमच्या गावठी अंड्याचे वजन त्या काळात साधारण सहा ग्रॅमने कमी व्हावे. पाणी उडते तशी हवेची पोकळी मोठी होते. ती लहान राहिली तर पिल्लाला पहिला श्वास घ्यायला जागा नसते. ते कवचाच्या आतच गुदमरते.

मी काय केले होते? पेटीबरोबरच्या कागदावर लिहिल्याप्रमाणे पहिल्या दिवसापासून तळाच्या खाचेत पाणी भरले होते. पहिल्या अठरा दिवसांत पेटीतली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास हवी आणि शेवटच्या तीन दिवसांत पासष्ट-सत्तर. पण तो कागद कोकणातल्या जुलै महिन्यासाठी लिहिलेला नव्हता. आपल्याकडे पावसाळ्यात बाहेरची हवा 28 अंश आणि आर्द्रता 85 टक्के असते. ती हवा पेटीत 37.7 अंशांपर्यंत तापली की पाण्याचा थेंबही न घालता आर्द्रता आपोआप पन्नासच्या जवळ येते. म्हणजे पावसाळ्यात पहिले अठरा दिवस पेटी कोरडी ठेवायची असते. उलट जानेवारीत पाणी घातले नाही तर आर्द्रता विशीपर्यंत उतरते आणि पिल्लू पडद्यातच सुकून चिकटते. वीज चार तास गेली ते त्या अंड्यांनी सोसले होते. मी मन लावून रोज घातलेले पाणी त्यांना सोसले नाही.

अकरा पिल्ले घेऊन वाडीवर जाण्याचा तो दिवस मला अजून आठवतो. आजीने टोपलीत डोकावून पाहिले आणि विचारले, "छत्तीस नेलीस ना गं?" मी पैसे पुढे केले. तिने घेतले, त्यात संकोच केला नाही आणि तेच बरोबर होते. मग म्हणाली, "माझी कोंबडी बारातली दहा काढते. तिला वीज लागत नाय."

मी बोलले, "पण आजी, कोंबडी दाणे खायला उठते तेव्हा अंडी गार होत नाहीत का?"

"होऊ दे की. ती रोज उठते, हागते, पाणी पिते, परत बसते. अंड्याला ते ठाव असतं."

यावर माझ्या पदविकेत काही उत्तर नव्हते. (इजिप्तमध्ये मातीच्या भट्ट्यांत हजारो अंडी उबवण्याची कला फार प्राचीन आहे. ते कारागीर अंडे पापणीला लावून ऊब ओळखत. थर्मामीटर कोणाकडेच नव्हता. हे मी नंतर वाचले आणि आजी आठवली.)

त्यानंतर मी वर्षभर वाडीवर गेले की प्रत्येक घरात एकच विचारत असे. किती अंडी बसवली, किती निघाली, किती जगली? आणि चित्र उलटेच दिसले. खुडूक कोंबडीखाली ठेवलेली अंडी बहुतेक निघतात. राख आणि कडुलिंबाचा पाला घातलेली टोपली, अंधारा कोपरा, दहा-बारा अंडी, एवढे पुरते. नुकसान होते ते नंतर. पहिल्या महिन्यात घार, कावळा, मुंगूस आणि मांजर. आणि त्यातून वाचली की मानमोडी, म्हणजे राणीखेत. ती आली की वाडीतली खुराडी चार-सहा दिवसांत रिकामी होतात. अंडे उबवणे ही त्या घरांची अडचण नव्हतीच, आणि मी उपाय मात्र त्याचाच घेऊन गेले होते.

इथे कोणी म्हणेल, मग गिरिराज किंवा वनराजा द्या, त्या जास्त अंडी देतात. देतात खऱ्या. गिरिराज बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने तयार केली, वनराजा हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने. दोन्ही परसात वाढवण्यासाठीच आहेत आणि रंगीत पिसांमुळे लोकांना आवडतातही. पण या सुधारित कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत. शिवाय त्यांच्या पुढच्या पिढीत तेच गुण राहत नाहीत. म्हणजे दर वेळी पिल्ले विकत आणायची. वाडीने त्यातल्या त्यात चांगला मार्ग काढला आहे. गिरिराजाची अंडी मिळाली तर ती गावठी खुडूक कोंबडीखाली ठेवतात. आपली की परकी, ती विचारत नाही. प्रभू येशूने यरुशलेमेसाठी रडताना पंखांखाली पिल्ले घेणारी कोंबडीच का डोळ्यांपुढे आणली, हे मला वाडीवर जास्त कळले.

मानमोडीवर लस आहे. लासोटा नावाची, पाच ते सात दिवसांच्या पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब. चौथ्या आठवड्यात पुन्हा, आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी हे कातडीखालचे इंजेक्शन. लस महाग नाही. अडचण वेगळीच आहे. एका कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त पिल्लांचे डोस असतात, ती 2 ते 8 अंशांत ठेवावी लागते आणि एकदा विरघळवली की बर्फावर ठेवून तास-दोन तासांत संपवावी लागते. वाडीवर मात्र एका घरी पिल्ले आज निघतात, दुसऱ्या घरी पंधरा दिवसांनी. आठ पिल्लांसाठी कोण कुपी फोडणार?

मग सगळ्या कोंबड्या एकाच दिवशी बसवल्या तर? ही कल्पना माझी नाही, वाडीवरच्या बायकांनी बोलता बोलता काढली. जी कोंबडी आधी खुडूक होते तिच्याखाली दोन-तीन फोल अंडी ठेवून तिला बसती ठेवायची. सहा-सात कोंबड्या तयार झाल्या की एका संध्याकाळी सगळ्यांना ताजी अंडी द्यायची. दिवस कोणता? दसरा. दसऱ्याला बसवली की एकविसावा दिवस दिवाळीतच येतो, कॅलेंडर लागत नाही. पाऊस ओसरलेला असतो, पिल्ले भिजून गारठत नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचे, दिवाळीनंतर ही कुटुंबे वीटभट्टीवर निघतात, कोंबड्या टोपलीत घालून बरोबर नेतात. त्याआधी पहिला थेंब डोळ्यात पडलेला असतो.

गेल्या दसऱ्याला सात कोंबड्या बसल्या. पिल्ले निघाली तेव्हा आम्ही कोणीही मध्ये हात घातला नाही. कवच फोडायला पिल्लाला अख्खा दिवस लागला तरी ओढून काढायचे नसते, कारण त्या वेळी ते उरलेला बलक आणि रक्त आत ओढून घेत असते. त्या बलकावर ते दोन दिवस दाण्याशिवाय राहू शकते. मग तांदळाची कणी आणि वारुळाचा तुकडा फोडून वाळवी. पहिला महिना पिल्ले डालग्याखाली, आईसकट. सहाव्या दिवशी मासळीवाल्याच्या थर्माकोलच्या डब्यात बर्फ घेऊन मी पोहोचले, काका लस द्यायला आले आणि चौऱ्याहत्तर पिल्लांच्या डोळ्यांत तासाभरात थेंब पडला. दुसरा डोस भट्टीवर जाऊन दिला. तिथे सगळी घरे सापडली नाहीत, दोन कुटुंबे कर्नाटकात गेली होती. हे अजून सुटलेले नाही.

तेव्हा महिला मंडळाला माझी विनंती अशी. यंत्राची रक्कम लसीसाठी, बर्फ ठेवायच्या एका चांगल्या डब्यासाठी आणि भट्ट्यांवर जाण्याच्या प्रवासखर्चासाठी द्या. वीस-पंचवीस डालगीही हवी आहेत. ती वाडीवरच विणली जातात, तिथूनच घेऊ.

रविवारच्या शाळेला पेटी वापरायला मी माझीच देते, पण जानेवारीत, आणि पाण्याची खाच भरून. बारापेक्षा जास्त अंडी नकोत. मुलांना सातव्या दिवसाचा टॉर्च नक्की दाखवा. निम्मे कोंबडे निघतील आणि सोसायटीत पहाटे आरवतील, तेव्हा पिल्ले कोणाकडे जाणार ते अंडी ठेवण्याआधी ठरवा. एक सूचना मात्र कडक आहे. परिसरात कुठे पक्षी अचानक मरत असतील तर पेटी लावू नका आणि मेलेल्या पक्ष्याला हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबारच्या नवापुरात बर्ड फ्लू आला तेव्हा पोल्ट्रीबरोबर आदिवासींच्या परसातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या होत्या.

आजीची कोंबडी यंदा म्हातारी झाली आहे. तिची एक तलंग भाद्रपदातच खुडूक बसली, म्हणून तिच्याखाली तीन फोल अंडी ठेवली आहेत. दसऱ्याच्या संध्याकाळी वाडीवर ज्यांना यायचे असेल त्यांनी आपली नावे कार्यालयात द्यावीत. पनवेलहून साडेतीनला निघू.